दोन मल्ल आणि एक माकडवाला

पेठ वडगांवचा आठवड्याचा बाजार ज्यांनीं एकदां तरी पाहिला आहे, त्यांस तेथील गर्दीचें वर्णन ऐकविण्याचें प्रयोजन नाहीं. ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, त्या दिवशीं आसपासच्या खेड्यांतील माणूस विकावयास कांहीं नसलें व विकत घ्यावयासहि कांहीं नसलें तरी तेथें येतोच. गेल्या हिंवाळ्यांत अशाच एका बाजाराच्या दिवशीं आम्ही एका स्नेह्यासह वडगांवास गेलों होतों. सेनापति धनाजी जाधव यांची समाधि या गांवीं आहे, ती पाहावी हा मूळ हेतु. समाधि पाहून परत येतांना बाजाराच्या कडेस ढोलाचा आवाज ऐकूं आला, आणि आम्ही त्या बाजूस वळलों.

चार बांबू, दोहोंच्या दोन कैच्या, त्यांवर ताणलेला दोर, आणि दोरावर हातांत आडवी काठी धरलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी. खालीं ढोल वाजविणारी तिची आई व मोठ्यानें बोलत फिरणारा बाप. भोंवतीं शेंदीडशें माणसांचें कडें. मुलगी दोराच्या मध्यावर येऊन थांबली, एक गुडघा टेकला, पुन्हां उठली. पूर्वीं अशा क्षणीं टाळ्या पडत. त्या दिवशीं टाळ्या फारशा पडल्या नाहींत. कारण ज्या हातांनीं टाळ्या वाजवावयाच्या, ते हात फोन धरून वर उंचावलेले होते. आमच्या स्नेह्यांस छायाचित्रांची हौस आहे, त्यांच्यापाशीं मोठा कॅमेरा होता. त्यांनीं दोराखालीं उकिडवें बसून दहा-पंधरा चित्रें घेतलीं.

खेळ आटोपल्यावर बाप ताटली घेऊन फिरूं लागला, तेव्हां कडें विरळ होऊं लागलें. आम्हीं ताटलींत जें टाकावयाचें तें टाकलें व त्यास विचारलें कीं, मुलीचें शाळेंत नांव आहे काय? "हाय की. आज सुट्टी हाय म्हणून आणलीया," असें तो म्हणाला. मग स्नेह्यांच्या कॅमेऱ्याकडे पाहून त्यानें जें सांगितलें, तेंच या लेखाचें निमित्त होय. तो म्हणाला, "सायेब, रागावू नगासा. पन ज्यानं फोटू काढला, त्यो पैसं टाकत न्हाई. बगा कवाबी. त्येला वाटतंय, आपलं काम झालं. ममईला तर लई फोटू काढत्यात." दिवाळीनंतर हें कुटुंब मुंबईस जातें, समुद्राच्या कांठीं व मोठ्या स्टेशनांबाहेर खेळ करतें, आणि तेथें गर्दी दुप्पट असली तरी ताटली निम्मी भरते, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

हा माणूस ज्यास 'फोटू' म्हणत होता, त्याचा व रस्त्यावरच्या कसबी माणसाचा संबंध मुंबई शहरांत पावणेदोनशें वर्षांचा आहे. त्या संबंधाचा इतिहास कोणी मुद्दाम लिहिलेला आमच्या वाचनांत आला नाहीं. तो आम्हीं आमच्या तोकड्या माहितीनें जोडून पाहिला. त्यांत जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवतों.

आरंभीं एका शब्दाविषयीं सांगितलें पाहिजे. 'रस्त्यावरील कलावंत' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत अगदीं अलीकडचा आहे. पूर्वीं अशा सर्व लोकांना मिळून एक नांव नव्हतें. गारुडी, डोंबारी, कोल्हाटी, बहुरूपी, नंदीवाले, माकडवाले, अस्वलवाले दरवेशी, चित्रकथी, वासुदेव, पोतराज, हीं सारीं नांवें निरनिराळीं. आणि त्यांतील बहुतेक नांवें एकाच वेळीं कसबाचींहि होतीं व जातीचींहि. 'डोंबारी आला' असें म्हटलें म्हणजे कोण आला तें कळे, पण कोणता डोंबारी आला हें विचारण्याची कोणास गरज वाटत नसे. कीर्तनकाराचें नांव विचारीत, पहिलवानाचें विचारीत, तमासगिराचेंहि विचारीत. दोरावरून चालणाऱ्याचें मात्र विचारीत नसत. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' हा १९१५ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ मराठींत अजोड आहे, याविषयीं दुमत नसावें. त्यांत फिरस्त्यांचें बारकाईनें वर्णन आहे, परंतु तो हिशेब मुख्यतः कुणब्याच्या डोक्यावर पडणाऱ्या ओझ्याचा आहे. तेव्हां पुढें आम्ही इंग्रज छायाचित्रकारांविषयीं जें लिहिणार आहों, त्याचा निम्मा दोष आपल्या पदरीं आहे हें विसरतां कामा नये.

मुंबईंत 'फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली ती १८५४ सालीं. विलायतेंतील अशी संस्था अवघी एका वर्षानें वडील. मुंबईच्या या मंडळींत आपलेहि लोक होते. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांस आपण पुराणवस्तुसंशोधक म्हणून ओळखतों. ते व त्यांचे धाकटे बंधु डॉक्टर नारायण दाजी या दोघांसहि या विद्येचा नाद होता. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन विद्यालयांत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, व त्या वर्गांत शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा स्टूडिओ थाटून नांव मिळविलें. म्हणजे हें यंत्र आपल्याकडे आलें तेव्हां तें केवळ साहेबाच्या हातीं होतें, ही समजूत खरी नव्हे.

परंतु यंत्र कोणाच्या हातीं आहे यापेक्षां तें कसें चालतें याला त्या काळीं अधिक महत्त्व होतें. १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें ओल्या कांचेची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढें पंचवीस-तीस वर्षें सर्वत्र तीच चालली. स्वच्छ कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती कांच काळोखांत चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, व वाळण्यापूर्वीं पुन्हां काळोखांत नेऊन औषधानें तें उठवावयाचें. हा सारा खटाटोप कांहीं मिनिटांत उरकला पाहिजे. मुंबईच्या उन्हाळ्यांत तर कांच हां हां म्हणतां वाळावयाची. म्हणून छायाचित्रकार बाहेर पडला कीं त्याच्यामागें काळा तंबू, बाटल्या, पाण्याचे हंडे, व हें सर्व वाहणारे हमाल, असा लवाजमा चाले. आणि इतकें करूनहि समोरच्या माणसास कांहीं सेकंद दगडासारखें बसावें लागे. मान हलूं नये म्हणून तिच्यामागें लोखंडी टेकण लावीत.

आतां या यंत्रापुढें एखादा डोंबारी उभा करून पाहा. ज्याची सारी कला हालण्यांत, त्यास हालूं नको म्हणून सांगावयाचें. कोलांटी अर्ध्यावर थांबत नाहीं. हवेंत उडालेले गोळे तेथेंच राहत नाहींत. माकड तर छायाचित्रकाराचें ऐकणें शक्यच नाहीं. कांचेवर काम उतरत नसे, उतरे तो काम थांबवून बसलेला माणूस. ढोल मांडीवर आहे, पण वाजत नाहीं. पुंगी ओठाशीं आहे, पण गाल फुगलेले नाहींत.

विलियम जॉन्सन व विलियम हेंडरसन या दोघांनीं १८५६ पासून सुमारें दोन वर्षें मुंबईंत छायाचित्रांचें एक मासिक चालविलें. त्यांत पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या वेषांचे व धंद्यांचे लोक असत, आणि छापील चित्र नव्हे, तर खरोखरीचा फोटोग्राफ चिकटवून तें वर्गणीदारांस देत. त्याच जॉन्सननें पुढें मुंबईचे रहिवासी व मुंबईस येणारेजाणारे लोक यांच्या जातींवर दोन मोठे ग्रंथ काढले. पहिला १८६३ त, दुसरा १८६६ त. दुसऱ्यांत आपण मराठी लोक आहों. या ग्रंथांतील एक गोष्ट विशेष लक्ष देण्यासारखी आहे. माणसांचें चित्र एका कांचेवर, आणि मागचें देऊळ, झाडी किंवा वाडा दुसऱ्या कांचेवर. मग दोन्हीं मिळवून एक चित्र सिद्ध केलेलें! माणसांच्या पायांशीं नीट पाहिलें तर सांधा दिसतो. मुंबईच्या रस्त्यांत राहणारा माणूस रस्त्यांतून उचलून आणिला, त्याचें चित्र घेतलें, व नंतर त्यास चित्रांतल्या रस्त्यावर पुन्हां नेऊन ठेविलें, असा हा द्राविडी प्राणायाम होय. जॉन्सनला हंसण्याचें कारण नाहीं. त्याच्या कांचेला दुसरें साधत नव्हतें. आणि या ग्रंथांमुळें त्या काळचीं पागोटीं, लुगडीं, दागिने आज आपणांस पाहावयास मिळतात, हे त्याचे उपकारच आहेत.

याहून मोठा उद्योग सरकारचा. १८५७ च्या धामधुमीनंतर राज्यकर्त्यांस आपल्या प्रजेची ओळख करून घेण्याची निकड भासली, आणि लंडनच्या इंडिया म्यूझियमनें १८६८ ते १८७५ या काळांत हिंदुस्थानच्या लोकांवर आठ खंड प्रसिद्ध केले. साडेचारशेंहून अधिक छायाचित्रें त्यांत आहेत. खालीं मजकूर, तो बहुतेक ठिकाणीं असा: जात अमुक, प्रदेश तमुक, स्वभाव असा असा, विश्वासास पात्र किंवा अपात्र. ज्याचें चित्र आहे त्याचें नांव कांहीं मानकरी लोकांच्या बाबतींत आहे. बाकीचे नमुने. वनस्पतिशास्त्रज्ञ वहींत पानें डकवितो तसे.

त्याच सुमारास, म्हणजे १८७१ त, सरकारनें तथाकथित गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभीं तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति सर्वत्र झाली. ज्यांचें घर नाहीं, जे गांवोगांव फिरतात, ते संशयित, असा एकंदर रोख. आणि त्यांत फिरस्त्या कसबी लोकांच्याहि कित्येक जमाती सांपडल्या. हजेरी, परवाने व वसाहती यांच्या कचाट्यांत तीन पिढ्या गेल्या. सोलापुरच्या तारेच्या कुंपणांतील वसाहतीची आठवण तेथील वृद्ध लोक सांगत असत. आमच्या कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१८ सालीं हजेरीची पद्धत बंद केली, ही गोष्ट येथें नमूद करावयासच पाहिजे; सबंध देशांतून तो कायदा गेला तो १९५२ त. या प्रकारांतील एक विपरीत गोष्ट अशी कीं, छायाचित्रकारानें ज्याचें नांव विचारलें नाहीं, प्रेक्षकानें विचारलें नाहीं, त्याचें नांव विचारलें तें पोलिसानें. नांव, बापाचें नांव, शरीरावरील खुणा. फिरस्त्या माणसाच्या दृष्टीनें नांव लिहिलें जाणें म्हणजे काय, हें आपण घरांत बसून लिहिणाऱ्यांनीं या बाजूनेंहि पाहिलें पाहिजे.

युरोपांतहि आरंभीं फार वेगळें होतें असें नाहीं. शार्ल नेग्र यानें १८५१ मध्यें पॅरिसच्या नदीकांठीं चालत जाणारे धुराडीं साफ करणारे पोरगे टिपले म्हणून त्याचा लौकिक आहे. पण ते चालत नव्हते, पाऊल उचलल्याचा आव आणून उभे होते. जॉन टॉमसन यानें १८७७ त लंडनच्या रस्त्यांवरचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं, त्यांत रस्त्यावर वाजविणारे इटालियन वादक आहेत. तेहि थांबलेलेच. मात्र त्या पुस्तकांत एक नवीन गोष्ट घडली. टॉमसनबरोबर अडॉल्फ स्मिथ नांवाचा लेखक होता, आणि त्यानें चित्रांतील लोकांशीं बोलून त्यांच्या हकीकती लिहिल्या, कोणी कोठून आला, दिवसास काय मिळवितो, पूर्वीं काय करीत होता. कित्येकांचीं नांवें, निदान टोपणनांवें तरी, त्यांत आहेत. याला यंत्राची सुधारणा लागली नाहीं. चौकशी करण्याची इच्छा लागली.

पुढें सुक्या कांचा आल्या, सेकंदाच्या लहानशा अंशांत चित्र उठूं लागलें, आणि १८९५ च्या डिसेंबरांत पॅरिसला ल्युमिएर बंधूंनीं हालतीं चित्रें पैसे घेऊन दाखविलीं. अवघ्या सहा महिन्यांत, १८९६ च्या जुलैच्या ७ तारखेस, तींच चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत आलीं. तिकीट एक रुपया. आगगाडी येते, कारखान्यांतून कामगार बाहेर पडतात, एवढाच खेळ. पण जें पन्नास वर्षें साधत नव्हतें तें साधलें होतें. हालणारा माणूस हालतांना धरतां येऊं लागला होता.

हे खेळ पाहून ज्यांस राहवलें नाहीं, त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे एक. लोक त्यांस सावेदादा म्हणत. जन्म १८६८ चा; मुंबईंत छायाचित्रकाराचा धंदा. त्यांनीं इंग्लंडांतील रायली कंपनीचा हालतीं चित्रें घेण्याचा कॅमेरा २१ गिनी देऊन मागविला. हिंदी माणसानें स्वतःच्या पैशानें असें यंत्र आणून आपल्या गांवचें चित्र घ्यावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. आतां प्रश्न असा कीं, असा कॅमेरा हातीं आल्यावर पहिल्यानें काय टिपावें? देऊळ, गव्हर्नर, गणपतीची मिरवणूक, सारेंच हातांशीं होतें. सावेदादांनीं १८९९ मध्यें मलबार टेकडीवरील टांगत्या बागेंत पुंडलीक दादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती लावून ती टिपली. आणि त्याच वर्षीं दुसरी फीत घेतली ती माकडांस शिकविणाऱ्या एका माणसाची. एका माणसाची व त्याच्या माकडांची, अशाच अर्थाचें तिचें नांव इंग्रजींत नोंदलेलें आढळतें.

आमच्या मतें ही निवड फार मोलाची आहे. कुस्ती घ्यावी हें कोणासहि सुचलें असतें. तींत आवेश आहे, डाव आहेत, शेवटीं एक चीत होतो. परंतु माकडवाल्याकडे वळण्यास मुंबईच्या रस्त्यांतून उघड्या डोळ्यांनीं चाललेला माणूस पाहिजे. आणि त्यांतहि शिकविण्याचें चित्र! माकड टोपी घालून सलाम करतें हें साऱ्यांनीं पाहिलें होतें. तो सलाम माकडाच्या अंगीं कसा बाणतो, दोरी केव्हां ओढावी, केव्हां सैल सोडावी, चणा कोणत्या क्षणीं द्यावा, हें कसब प्रेक्षकांस दिसत नाहीं. जॉन्सनच्या कांचेनें ज्याचें काम थांबविलें होतें, त्याच कुळीच्या माणसाचें काम चालू असतांना यंत्र त्याच्यासमोर येऊन उभें राहिलें. आमच्या कल्पनेनें, महाराष्ट्रांतील छायाचित्रणाच्या इतिहासांत या क्षणाला पुंडलीक दादांच्या कुस्तीपेक्षां कमी मान देण्याचें कारण नाहीं.

दोन्ही फिती धुण्यासाठीं लंडनला पाठवाव्या लागल्या. तोंपर्यंत सावेदादा स्वस्थ बसले नाहींत. चित्रें दाखविण्याचें यंत्रहि त्यांनीं मिळविलें होतें, आणि मोकळ्या जागेंत विलायती चित्रांचे खेळ करून ते पैसे मिळवूं लागले. फिती परत आल्यावर त्याच खेळांत त्या दाखविल्या. येथें आम्हांस कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथ्यांची आठवण होते. चित्रांची पोथी काखेस मारून गांवोगांव जावयाचें, दिव्याच्या उजेडांत एकेक पान पुढें धरून कथा सांगावयाची, आणि लोक देतील तें घ्यावयाचें. सावेदादांचा पडदा मोठा, दिवा मोठा, पान आपोआप उलटणारें. बाकी धंदा तोच. माकडवाल्याचें चित्र दाखविणारा स्वतः एका अर्थीं फिरस्ता कलावंत झाला होता. दादासाहेब फाळके यांनींहि मूकपटांस हात घालण्यापूर्वीं जादूचे प्रयोग केले होते, आणि आपल्याच आडनांवाचीं अक्षरें उलटसुलट करून 'प्रोफेसर केळफा' हें नांव घेतलें होतें. पुढें त्यांनीं आपल्या जादूची फीतहि काढली. रस्त्यावरचा गारुडी तेच हातचलाखीचे प्रकार करतो. परंतु त्यास प्रोफेसर होतां येत नाहीं.

सावेदादांच्या फितींपैकीं नांव झालें तें रँग्लर परांजपे यांच्या आगमनाच्या फितीचें. केंब्रिजची परीक्षा पहिल्या क्रमांकानें उतरून १९०१ च्या डिसेंबरांत परांजपे मुंबईस परतले, तेव्हां चौपाटीवर झालेली गर्दी त्यांनीं टिपली. १९०३ चा दिल्ली दरबारहि टिपला. पुढें त्यांनीं कॅमेरा विकून टाकला, आणि ते नाटकगृहाच्या व्यवस्थेंत पडले. त्यांस नव्वद वर्षांचें आयुष्य लाभलें. १९५८ त ते वारले. त्यांच्या फिती मात्र उरल्या नाहींत. त्या काळची फीत नायट्रेटची, जळाऊ, दमट हवेंत कुजणारी; आणि जुन्या फितींतून चांदी निघते म्हणून त्या वितळविणारेहि होते. कुस्ती गेली, माकडवालाहि गेला.

आतां शिल्लक काय राहिलें तें पाहा. कुस्तीची फीत नष्ट झाली, तरी पुंडलीक दादा व कृष्णा न्हावी हीं नांवें हिंदी चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासांत येतात. शाळेंतल्या मुलांस प्रश्नमंजूषेंत तीं विचारतात. माकडवाल्याचें नांव कोठेंहि नाहीं. इतकेंच नव्हे, पुढील लेखकांपैकीं कोणी त्याचीं माकडें सर्कशींतलीं म्हणून लिहिलें आहे, कोणी नुसतेंच माकडें शिकविणारा म्हणून सोडून दिलें आहे. तो सर्कशींतलाहि असूं शकेल. विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० सालीं आपली सर्कस मुंबईंत उभी केल्यापासून रस्त्यावरच्या पुष्कळ कसबी लोकांस तंबूंत जागा मिळूं लागली होती. पण नांव असतें तर हा वादच उरला नसता. एकाच वर्षीं, एकाच यंत्रानें, एकाच माणसानें घेतलेल्या दोन फिती. दोन्ही नाहींशा झाल्या. आणि एकींतील दोघे स्मरणांत राहिले, दुसरींतील एक पुसला गेला. यांत यंत्राचा कांहींच दोष नाहीं. कुस्ती पाहावयास आलेल्यांनीं मल्लांचीं नांवें आधीं विचारलीं असतील. माकडवाल्याकडे पाहून कोणास तसें सुचलें नसेल.

योगायोग असा कीं, नेमक्या त्याच सुमारास, १८९८-९९ च्या दरम्यान, पॅरिसच्या रस्त्यांतून ओझ्याचा जुनाट कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या यूजेन आत्झे यानें एका पेटीवाल्याचें चित्र घेतलें. दाढीवाला वृद्ध हातानें फिरवावयाची पेटी घेऊन उभा आहे, आणि शेजारीं त्याची ठेंगणी साथीदारीण वर तोंड करून, हात पसरून, अशी हंसते आहे कीं तें चित्र एकदां पाहिलें कीं विसरत नाहीं. त्या दोघांचींहि नांवें जगास ठाऊक नाहींत. पण चित्र राहिलें आहे. जगांतल्या मोठमोठ्या संग्रहांत त्याच्या प्रती आहेत. त्या बाईचें हंसें शंभर वर्षांहून अधिक काळ ताजें आहे. आमच्या माकडवाल्याचें नांवहि नाहीं, आणि हंसेंहि नाहीं.

त्यानंतर आपल्याकडे हालत्या चित्रांचा ओघ दुसरीकडे वळला. १९१३ त फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. १९२० त कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्यानें 'सैरंध्री' काढला. कोल्हापूरच्या माणसास त्याचा अभिमान वाटावा हें साहजिक आहे, आणि आम्हांसहि तो आहे. परंतु देव, राजे व पतिव्रता यांच्या त्या मेळाव्यांत रस्त्यावरच्या खऱ्या कसबी माणसास जागा उरली नाहीं. पुढें तो पडद्यावर आला तो नटानें घेतलेलें सोंग म्हणून.

दरम्यान रस्त्यावर त्याचें आयुष्य कायद्यानें आंखडत गेलें. मुंबई राज्यानें १९५९ सालीं भीक मागण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा केला, त्यांत भिकेच्या व्याख्येंत गाणें, नाचणें, भविष्य सांगणें व खेळ करून दाखविणें यांचाहि समावेश आहे. गाऊन पैसे मागणारा आणि न गातां पैसे मागणारा यांत या व्याख्येला फरक दिसला नाहीं. तशीच व्याख्या जर नाटकगृहास लावली तर तिकीटविक्रीच्या खिडकींत कोण बसेल, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनें माकड, अस्वल, वाघ, बिबळ्या व सिंह यांना शिकवून त्यांचे खेळ करण्यास बंदी आली. मुक्या प्राण्यांचे हाल थांबले हें योग्यच झालें. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. पण पिढ्यान्‌पिढ्या त्या प्राण्यावर पोट भरणाऱ्या माणसाच्या हातीं दुसरें काय द्यावें, याचा विचार प्राण्याच्या विचाराइतका झाला नाहीं. सावेदादांनीं टिपलेलें काम आज कोणी उघड्यावर करील तर तो गुन्हा ठरेल. तेव्हां ती फीत नाहींशी होणें म्हणजे एका कसबाचा बहुधा पहिला चालता पुरावा नाहींसा होणें होय.

आणि आतां प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. ओली कांच नाहीं, काळा तंबू नाहीं, मानेला टेकण नाहीं. मुंबईंत चर्चगेटच्या बाहेर किंवा गेटवेपाशीं कोणीहि दोरावर चढला कीं क्षणांत शंभर चित्रें निघतात. चित्र घेण्यास लागणारा वेळ इतका कमी झाला आहे कीं, तेवढ्या वेळांत त्या माणसाशीं एक शब्द बोलणेंहि होत नाहीं. जॉन्सनच्या काळीं निदान कांच तयार होईपर्यंत तरी दोघे समोरासमोर बसत असतील.

वडगांवाहून परतल्यावर आमच्या स्नेह्यांनीं त्या मुलीच्या चित्रांपैकीं उत्तम तें निवडून कागदावर छापून घेतलें, आणि पुढच्या बाजारीं आम्ही दोघे तें घेऊन पुन्हां गेलों. कुटुंब तेथेंच होतें. मुंबईस जावयास अजून चार दिवस अवकाश होता. बापानें हात धोतरास पुसून चित्र घेतलें. मुलीचा चेहरा ठसठशीत आला होता. कपाळावरचा घामहि दिसत होता. आमचे स्नेही जरा अभिमानानेंच त्याच्या तोंडाकडे पाहत उभे होते. त्यानें बराच वेळ चित्र न्याहाळलें, मग बायकोस दाखविलें. ती कांहीं बोलली, आणि दोघेंहि हंसलीं.

आम्हीं काय झालें म्हणून विचारलें. तो म्हणाला, "चांगला हाय फोटू. पन काठीची टोकं कुटं हाईत?"

आम्ही पाहूं लागलों. खरोखरच काठीचीं दोन्ही टोकें चित्राच्या चौकटीबाहेर राहिलीं होतीं. त्यानें समजावून सांगितलें कीं, दोरावरचा माणूस पायावर तोलत नाहीं, काठीच्या टोकांवर तोलतो. डावें टोक चार बोटें खालीं गेलें म्हणजे पोरगी उजवीकडे जात आहे, हें त्याला खालून कळतें, आणि तो ढोलाचा ठेका बदलावयास सांगतो. ठेका बदलला कीं तिला कळतें. इतके दिवस आम्ही जो आरडाओरडा करमणुकीचा समजत होतों, त्यांतला निम्मा भाग हा बाप लेकीस वाट सांगत होता. "ह्या फोटूत ती पडतीया का हुबी हाय, कसं कळायचं?" असें त्यानें विचारलें.

मग आम्हीं त्याचें नांव विचारलें, आणि मासिकांत लिहावयाचें आहे असेंहि सांगितलें. नांव त्यानें सांगितलें, मुलीचेंहि सांगितलें. पण लगेच म्हणाला, "छापू नगासा. नाव छापलं की कोण ना कोण इचारत येतंय." कोण येतें, हें त्यानें सांगितलें नाहीं, आणि आम्हीं पुन्हां विचारलें नाहीं. आमच्या स्नेह्यांस मात्र त्यानें विनंति केली कीं, दोन्ही टोकें दिसतील असा एक फोटो घ्यावा. तो घरीं ठेवावयाचा आहे. स्नेह्यांनीं कॅमेरा काढला. परंतु तोंवर दोर सोडलेला होता, बांबू बांधून झाले होते, आणि बाजार उठला होता.